वाचकांचे प्रश्न : जिन, दृष्ट, दुआ आणि दवा

मागच्या अंकात परदेशात वसलेल्या सोमाली लोकांच्या मनाच्या आजारांविषयीच्या समजुतींवर लेख आला होता. १९९१ साली सियाद बर्रेची राजवट कोसळली, यादवी पेटली आणि लाखो माणसं देश सोडून निघाली. कोणी केनियातल्या दादाबच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिलं, कोणी पुढे मिनेसोटा, लंडन, टोरांटोला पोचलं. देश बदलला, तरी दुखणं सांगायची आणि त्याचं कारण शोधायची रीत बरोबर आली, असं त्या लेखात म्हटलं होतं. त्यावर बडोद्याहून बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. उत्तरं आमच्या मानसोपचार आणि समुपदेशन सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी मिनियापोलिसच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथे येणाऱ्या सोमाली बायका डोकं दुखतं, छाती भरून येते, अंग जड झालंय अशा तक्रारी सांगतात. तपासण्या सगळ्या चांगल्या येतात. डॉक्टरांनी डिप्रेशनचं नाव काढलं की पुढच्या तारखेला बाई येतच नाही. मुलगी फार कष्टी होते. तिनं काय करावं? (एक आई, दांडिया बाजार)

उत्तर : बाई निघून जाते, कारण डिप्रेशन म्हटल्यावर तिला ‘वाली’ ऐकू येतं, म्हणजे ठार वेडी. जुन्या सोमाली समजुतीत माणूस एकतर शहाणा असतो नाहीतर वेडा, मधल्या पायऱ्या नसतात. शिवाय वेड बरं होत नाही असंच धरून चालतात. एकदा हा शिक्का बसला की मुलींची लग्नं अडतात, सोयरे तुटतात. परदेशात त्यात आणखी एक धास्ती असते : कागदावर मानसिक आजार लिहिला गेला तर सरकार मुलं काढून नेईल. ही धास्ती समजून न घेता केलेलं समजावणं वाया जातं.

याचा अर्थ दुःखाला त्यांच्याकडे शब्द नाहीत असा मुळीच नाही. ‘मुरुग’ म्हणजे उदासी, ‘वेलवेल’ म्हणजे काळजीचा घोर, ‘कल्बी जब’ म्हणजे काळीज मोडणं. छावणीत बसून दुसऱ्या देशाची वाट पाहताना जो ध्यास लागतो आणि ती वाट बंद झाली की जे मन उसवतं, त्याला ‘बूफिस’ म्हणतात. हे शब्द बाई लाजेशिवाय उच्चारते, कारण युद्ध पाहिलेल्या आणि माणसं गमावलेल्या कोणालाही असं होणारच, हे सगळ्यांना मान्य असतं. बोलणं इथून सुरू करावं.

पहिल्या भेटीत मनाचा विषयच काढू नये. झोपेपासून सुरुवात करावी. किती वाजता आडवं पडता, डोळा कधी लागतो, मध्ये कशानं जाग येते, स्वप्नं कसली पडतात? झोपेबद्दल बोलायला कोणालाच कमीपणा वाटत नाही, आणि या चार प्रश्नांत युद्धाच्या आठवणी, दचकून उठणं, पहाटे तीनला सुरू होणारा घोर हे सगळं आपसूक बाहेर येतं. मग विचारावं, ‘घरात याला काय म्हणतात? कशामुळे झालं असं वाटतं? आत्तापर्यंत काय काय करून पाहिलं?’ अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत अशा सोळा प्रश्नांची मुलाखतच दिली आहे. मुलीच्या दवाखान्यात ती सहज मिळेल.

उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतील. अल्लाची मर्जी आणि परीक्षा; जिन लागला, कोणाची दृष्ट पडली किंवा करणी झाली; आणि तिसरं, सोसलेलं दुःख. बहुतेक बायका तिन्ही एकदम मानतात, त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. आईबापांचा शाप लागला, हेही कधी कधी हळूच सांगितलं जातं. हे ऐकताना मान हलवून खोटा होकार देऊ नये आणि खोडूनही काढू नये. नर्सचा जिनांवर विश्वास आहे का, हे बाईनं विचारलेलं नसतं. तिला एवढंच पाहायचं असतं की हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो का.

‘काय करून पाहिलं’ या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्यावं. शेखकडून, म्हणजे धर्मगुरूकडून, कुराणाचं पठण, पठण केलेलं पाणी पिणं आणि अंगाला लावणं, मध, कलौंजी, ऑलिव्हचं तेल. यातलं काही बाधत नाही, उलट आधारच मिळतो. पण पोटात घ्यायचा काढा असेल तर त्यात काय आहे हे विचारलंच पाहिजे. अंगावर गोल डागांचे जुने व्रण दिसले तर लगेच मारहाणीचा संशय घेऊ नये. तापलेल्या काडीनं डाग देणं हा तिथला जुना उपचार आहे; आपल्याकडे बिब्याचा चटका देत, त्याच जातीचा. डाग ताजा असेल आणि लहान मुलाच्या अंगावर असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगणं नर्सचं काम आहे.

गोळी सुरू करताना नेमकं कुठे बिघडतं तेही मुलीला सांगा. उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळतं, कधी अस्वस्थताही वाढते, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी बाई म्हणते, ‘डोकं दुखत होतं, आता पोटही बिघडलं,’ आणि डबी कचऱ्यात जाते. म्हणून डॉक्टर पहिले सात दिवस बहुधा अर्धी मात्रा देतात, जेवणानंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नर्सनं स्वतः फोन करून मळमळ विचारली तर बाई टिकून राहते. या गोळ्यांची चटक लागत नाही. पण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्याव्या लागतात आणि एकदम तोडायच्या नसतात. हेही पहिल्याच दिवशी सांगावं.

समुपदेशकाकडे पाठवायचं असेल तर चिठ्ठी देऊन भागत नाही. परक्याला पैसे देऊन घरचं दुःख का सांगायचं, हा प्रश्न त्यांना मनापासून पडतो. बोलायला घरातली वडीलधारी आहेत, शेख आहे. ओळखीच्या नर्सनं समुपदेशकाच्या खोलीपर्यंत सोबत जाऊन, ‘झोपेच्या आणि काळजीच्या त्रासात या मदत करतात’ एवढंच सांगून गाठ घालून दिली, तर दुसऱ्या खेपेला बाई आपण होऊन येते. चहा आणि शिवणकामाच्या निमित्तानं जमणारे बायकांचे गट तर बंद खोलीतल्या समुपदेशनापेक्षा कितीतरी सहज स्वीकारले जातात.

दुभाष्याबद्दलही सांगायला हवं, कारण इतकं सगळं करूनही घडी तिथेच विस्कटते. मुलाला किंवा नवऱ्याला कधीही दुभाषी करू नये. गावातलाच दुभाषी असेल तर तो कोणत्या कुळाचा आहे हे बाईला तत्काळ कळतं आणि तिचं तोंड मिटतं. कूळ थेट विचारणं बरं दिसत नाही. ‘दुभाषी बाई हवी की पुरुष, आणि कोणी नको असेल तर सांगा’ एवढं पुरतं. दुसऱ्या राज्यातला, फोनवरचा दुभाषी सगळ्यांत सोयीचा. बोलीचीही खात्री करावी. दक्षिणेकडच्या बाय आणि बकूल भागातली ‘माय’ नावाची बोली ही नेहमीच्या सोमालीपेक्षा इतकी वेगळी आहे की माणूस नुसती मान डोलावत राहतो. भेटीआधी दुभाष्याला पाच मिनिटं द्यावीत आणि सांगावं : बाई जे बोलेल ते तसंच्या तसं सांगा, सावरून घेऊ नका, शोभेलसं करू नका.

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला आहे. फतेगंज आणि निजामपुरा भागात राहणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांवर, त्यातही सोमाली मुलांवर, लघुप्रबंध करायचा आहे. पीएचक्यू-९ ही उदासी मोजायची प्रश्नावली सोमालीत भाषांतर करून वापरली तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, प्रतापगंज)

उत्तर : चालेल, पण एका बैठकीत केलेलं भाषांतर चालणार नाही. आधी तयार सोमाली आवृत्ती शोधा. नाहीच मिळाली तर दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, दोन्ही समोर ठेवून एक करायचं, मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून ते इंग्रजीत उलटं करून घ्यायचं. त्यानंतर पाच-सहा मुलांना एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘हा प्रश्न तुला काय विचारतोय असं वाटतं?’ ही शेवटची पायरी विद्यार्थी हटकून गाळतात आणि खरे घोटाळे तिथेच सापडतात. मुलं इंग्रजीत शिकत असली तरी हे टाळू नका. दुःखाची भाषा बहुधा घरचीच असते.

या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा वर गुण आले तर नीट तपासायला हवं. चार जागी सांभाळा.

दुसरा प्रश्न निराशेचा आहे. भविष्याची आशा उरली नाही असं म्हणणं म्हणजे अल्लावरचा भरवसा सुटला असं कबूल करणं. त्यामुळे मनातून खचलेला मुलगाही ‘असं कधीच नाही’ वर खूण करतो. सहावा प्रश्न घरच्यांच्या अपेक्षेला उतरलो नाही, असा. ज्याच्या फीसाठी तीन देशांतल्या नातेवाइकांनी पैसे पाठवले, त्याला हे आजार नसतानाही वाटत असतं. म्हणून या दोन्ही उत्तरांवर तोंडी बोला, नुसते गुण मोजू नका.

तिसरी जागा रमजानची. झोप, थकवा आणि भूक हे तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न. तिघांचे मिळून नऊ गुण होतात. रोजे चालू असताना पहाटे सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला, उठणारा, रात्री तरावीहच्या नमाजाला जाणारा, दिवसभर न जेवणारा पूर्ण निरोगी मुलगाही या तीन प्रश्नांवर दहाच्या काठाला येऊन बसेल. प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, तेव्हा ईदनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या.

नववा प्रश्न मरणाचा, आणि तो सगळ्यांत जपून विचारायचा. आत्महत्या हे मोठं पाप, त्यामुळे सरळ विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. पायरीपायरीनं जा. ‘कधी इतकं जड होतं का, की अल्लानं आता आपल्याला न्यावं असं वाटतं?’ याला होकार देता येतो, कारण त्यात पाप नाही. होकार आला की पुढे : असं किती वेळा वाटतं, त्या वेळी काय करता, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का, कसं करायचं तेही डोक्यात येतं का? शेवटच्या दोन प्रश्नांना होकार असेल तर तुमचं संशोधन तिथेच थांबलं असं समजा. मुलाला एकटं सोडायचं नाही, मार्गदर्शकांना फोन करायचा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. कोणाला फोन करायचा, कुठे न्यायचं, कोणी सोबत जायचं हे पहिली मुलाखत घेण्याआधी कागदावर ठरलेलं हवं. नैतिक समितीही हेच विचारेल.

गोपनीयतेचा एक मुद्दा. बडोद्यात सोमाली मुलं मोजकीच. प्रबंधात ‘२२ वर्षांचा, फार्मसीचा, सोमाली’ एवढं लिहिलंत तरी त्याच्या मित्रांना तो कोण हे कळेल. अभ्यासशाखा लिहू नका, वयाचे गट द्या.

आणि परदेशातल्या निर्वासितांवरचे निष्कर्ष इथल्या मुलांना जसेच्या तसे लावू नका. आई-आजीनं युद्ध पाहिलं, यानं पाहिलेलंच असेल असं नाही. व्हिसाची मुदत, घरून उशिरा येणारे पैसे, भाड्याची खोली मिळताना कातडीच्या रंगावरून मिळणारी वागणूक या याच्या रोजच्या काळज्या असू शकतात. शेवटची गोष्ट आपल्या शहरानं सुधारायची आहे.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर दोन सोमाली विद्यार्थी भाड्यानं राहतात, मुलं सभ्य आहेत. त्यातला एक दहा-बारा दिवस कॉलेजला जात नाही, रात्रभर येरझाऱ्या घालतो, एकटाच बोलतो. मित्र म्हणतो जिनची बाधा आहे, मोबाइलवर कुराण लावून ठेवतो. सोसायटीतले म्हणतात पोलिसांना कळवा, खोली खाली करून घ्या. काय करावं? (एक घरमालक, कारेलीबाग)

उत्तर : खोली खाली करू नका. आजारात छप्पर गेलं की माणूस कुठल्या कुठे फेकला जातो, आणि हा तर परक्या देशातला मुलगा.

पहिलं, ताप आहे का पाहा. ताप, मान आखडणं, दिवस-तारीख न सांगता येणं, मध्येच ग्लानी येणं यातलं काही असलं तर हा मेंदूला पोचलेला मलेरिया किंवा मेंदूज्वर असू शकतो. तिथे मन आणि जिन दोन्ही बाजूला ठेवून तासाभरात १०८ बोलावून सयाजी रुग्णालय गाठायचं. नशेचं काही घेतलं होतं का, हेही मित्राला एकांतात, न रागावता विचारा. उपचार त्यावर ठरतात.

ताप नसेल तर मित्राशी बोला. मुलगा रोज किती तास झोपतो, काही खातो का, पाणी पितो का, कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय किंवा आवाज हुकूम देतात असं म्हणतो का? आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, किंवा चोवीस तासांत त्यानं घोटभरही पाणी घेतलं नसेल, तर उद्यावर टाकू नका, लगेच रुग्णालयात न्या. एवढं गंभीर नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन लावा. सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी हव्या त्या भाषेत बोलता येतं आणि कोणत्या रुग्णालयात जायचं ते सांगतात. मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय तर तुमच्या कारेलीबागेतच आहे.

मित्राला ‘जिनबिन काही नसतं’ असं म्हणू नका. ‘पठण चालू ठेव, मी थांबवायला सांगत नाही. पण याची झोप गेली आहे आणि झोपेचा डॉक्टर शरीराचा भाग पाहील’ असं म्हणा. सोमाली घरात निर्णय बहुधा एकटा मुलगा घेत नाही. त्याच्या वडिलांना, मामाला किंवा मोठ्या भावाला मित्राकडून फोन लावून घ्या. तिकडून ‘डॉक्टरकडे जा’ असा शब्द आला की अर्धं काम झालं. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागालाही कळवा.

सोसायटीच्या लोकांना सांगायला एक कायद्याची गोष्ट : मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७, याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे कोणाच्या धर्मश्रद्धा किंवा समाजाच्या चालीरीती वेगळ्या आहेत म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. जिन मानणं हा आजार नव्हे. तुम्ही सांगितलेली दहा-बारा दिवसांची जागरणं, एकट्यानं बोलणं आणि कामधाम सुटणं, काळजी करायची ती याची.

प्रश्न : माझं औषधांचं दुकान आहे. रमजानमध्ये मनाच्या गोळ्या घेणारे काही गिऱ्हाईक महिनाभर गोळ्याच बंद करतात. त्यांना काय सांगावं? (रावपुरा)

उत्तर : रमजान सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, हे सांगा. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. पण ती घ्यायला मन धजत नाही, तेव्हा इमामांचा शब्द मदतीला येतो. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला बसते. झोप आणणारी असेल तर रात्रीची, सहरीला घेतली तर सकाळ पेंगण्यात जाते. तीन वेळांची औषधं दोन किंवा एका वेळेवर आणायचं काम डॉक्टरांचं. दुकानावर परस्पर दोन गोळ्या एकदम घ्यायला सांगू नका.

मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात रोजा म्हणजे चौदा तास पाण्याशिवाय. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलट्या, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. अशा गिऱ्हाइकाला दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, त्यांनीही लिथियम चढतं.

कॅप्सूलचं आवरण बहुधा प्राण्यांच्या जिलेटिनचं असतं. काही जण त्यामुळे औषध सोडतात आणि सांगायला संकोचतात. आपण होऊन विचारा. तेच औषध बऱ्याचदा गोळीत मिळतं. डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. पातळ औषधात अल्कोहोल आहे का, हेही लेबलावर पाहून सांगा.

प्रश्न : मागचा लेख वाचून वाटलं, हे तर आमच्याच घरचं आहे. माझा धाकटा दीर, वय २४, वर्षभर विचित्र वागतो. सासूबाईंनी एका भूव्याला (मांत्रिकाला) दाखवलं, आता उनाव्याच्या दर्ग्याला न्यायचं म्हणतात. डॉक्टरांच्या गोळ्या चार दिवस दिल्या, तर त्याची मान वाकडी झाली, डोळे वर गेले. सासूबाई म्हणाल्या, बाधा गोळीशी झगडतेय, आणि गोळ्या बंद केल्या. मी सून, किती बोलणार? (एक वाचक, वाघोडिया रोड)

उत्तर : ताई, आधी त्या मानेचं. ती बाधा नव्हती. काही मनोविकारांवरच्या औषधांनी, विशेषतः तरुण मुलांत, पहिल्या चार-पाच दिवसांत मानेचे, जबड्याचे आणि डोळ्यांचे स्नायू एकदम आखडतात. दिसायला फार भयंकर दिसतं. रुग्णालयात एका इंजेक्शननं बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरतं, आणि नंतर डॉक्टर औषध बदलतात किंवा जोडीला दुसरी गोळी देतात. हे आधी न सांगणं ही औषध देणाऱ्याची चूक, सासूबाईंची नव्हे. डोळ्यांदेखत लेकराची मान वळताना पाहिलेल्या आईनं दुसरं काय समजायचं? त्यांना हे असंच सांगा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. सोमाली घरांतूनही गोळ्या सुटतात त्या अशाच वेळी.

तुम्हाला सारखेपण जाणवलं ते खरं आहे. सोमाली बायकांत ‘सार’ नावाचा प्रकार आहे. अंगात येतं, ढोल वाजतात, धूप जळतो, आलेल्याच्या मागण्या पुरवल्या जातात. आपल्याकडचं अंगात येणं याहून फार लांब नाही. झगडियाजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सीदी समाजाचं ते श्रद्धास्थान. तिथेही बाधा झालेली माणसं उतारा शोधत येतात, हिंदू, मुसलमान, पारशी सगळी. अशा ठिकाणी माणसाला सोबत आणि उमेद मिळते, ती आम्ही कमी लेखत नाही. एकटं पडणं हे या आजारांना फार वाईट.

उनाव्याला नेण्याला म्हणूनच आमची हरकत नाही. मेहसाणा जिल्ह्यातल्या या मीरा दातारच्या दर्ग्यावर ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम बरीच वर्षं राबवला गेला. त्यात मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारात बसत आणि मुजावर स्वतः आलेल्यांना त्यांच्याकडे पाठवत. सासूबाईंना हे सांगा. जायचं असेल तर सोबत तुम्ही किंवा तुमचे यजमान जा, गोळ्या बरोबर न्या आणि दोन दिवसांत परत या. दिराला तिथे ठेवून येऊ नका.

मर्यादा कुठे, ते स्वच्छ सांगतो. उपाशी ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, डागणं, बांधून ठेवणं यातलं काही कोणी सुचवलं तर तिथून उठायचं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झोपडीवजा आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण जळून गेले. २०१७ च्या कायद्याच्या ९५ व्या कलमानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई आहे. काळी जादू आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा गुजरात विधानसभेनं ऑगस्ट २०२४ मध्ये केला. सोमालियातही साखळ्यांचा प्रश्न मोठा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोगादिशूत साखळीमुक्तीची मोहीम घेतली तेव्हा क्रम असा ठेवला : आधी रुग्णालयातल्या साखळ्या काढायच्या, मग घरातल्या, मग समाजातल्या. घरची माणसं दुष्ट असतात म्हणून बांधत नाहीत. औषध मिळत नाही, रुग्ण पळून जाईल ही भीती असते, म्हणून बांधतात. त्यामुळे औषध पोचवणं आधी.

ऐन तरुणपणी सुरू झालेला असा आजार जितका उशिरा हातात येतो तितका चिवट होतो. एक वर्ष गेलंच आहे, आणखी घालवू नका. आणि ‘मी सून’ म्हणून मागे राहू नका. सासूबाईंशी वाद नको, वाटणी करा : पूजा, नवस, अंगारा त्यांच्याकडे, गोळीची वेळ तुमच्याकडे. अंगारा देताना त्यांच्याच हातानं गोळी द्यायला लावली तर फारच छान. मुलगा आईच्या हातून घेतो.

कारेलीबागेतल्या रुग्णालयात किंवा सयाजीच्या मानसोपचार विभागात नेताना सकाळी लवकर निघा. दिराचं आधार कार्ड, जुने केसपेपर आणि त्या चार दिवसांच्या गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर ठेवा. पट्टी सापडत नसेल तर ज्या दुकानातून घेतल्या तिथून नाव लिहून आणा. मान आखडली होती ही गोष्ट डॉक्टरांना बसल्याबसल्या, पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे तेच औषध त्याच मात्रेत पुन्हा लिहिलं जाणार नाही.